मुनाफभाईंची मागची सीट

आमच्या शेजारचे मुनाफभाई मोटरसायकलवरून न उतरता भाजी घेतात. यात नवल काही नाही, निम्मी चिखली तशीच भाजी घेते. पण मुनाफभाई पाय खाली टेकवत नाहीत. हँडल एका बाजूला वळवलेलं, ब्रेक दाबलेला, गाडी जागच्या जागी उभी, आणि साठीला आलेले, चांगल्या भरदार अंगाचे हे कापड दुकानदार फूटरेस्टवर उभे राहून मेथीची जुडी उलटीपालटी करून पाहतात. भाजीवालीला आधी भीती वाटायची. आता ती त्यांना निवांत विचारते, वांगी देऊ का म्हणून.

हा एक खेळ आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. दगडधोंड्यांतून, ओंडक्यांवरून मोटरसायकल न्यायची आणि पाय टेकू द्यायचा नाही. जो कमी वेळा पाय टेकेल तो जिंकला. वेगाला काही किंमत नाही. मुनाफभाईंनी हा खेळ मोबाईलवर पाहिला आणि मेहकर रोडवरच्या आपल्या वावरात सुरू केला. बाकीचे लोक वावरातले दगड वेचून बांधावर टाकतात. यांनी बांधावरचे दगड ट्रॅक्टरनं वावरात आणून टाकले. सगळ्यांत मोठ्या दगडाचं नाव त्यांनी 'व्याही' ठेवलं. त्याच्याशी अदबीनंच वागावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

आता माझ्याबद्दल. मी कॉलेजात गणित शिकवतो. गाडी चालवताना माझे दोन्ही पाय रस्त्याच्या वर वीतभर लोंबत असतात, कधी गरज पडेल सांगता येत नाही म्हणून. विद्यार्थी मला 'नावाडी' म्हणतात, हे मला माहीत आहे आणि त्यांच्या निरीक्षणशक्तीचं मला कौतुकही आहे. मी कुत्र्याला भितो, एसटीला भितो, आणि समोरून दुसरा एखादा माझ्यासारखाच भित्रा आला तर सर्वांत जास्त भितो.

एकदा कॉलेजच्या फाटकासमोर मी गाडीसकट पडलो. गाडी चालू नव्हती. मी फक्त थांबलो होतो आणि थांबता थांबता आडवा झालो. मुलं धावत आली. मुनाफभाई तिथूनच चालले होते, तेही थांबले. अर्थातच पाय न टेकवता. मी उठून पँट झटकेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग हळूच म्हणाले, "सर, तुमाले पडाचं भेव नाही. लोकाइनं पाहाचं भेव हाय. उद्या वावरात या. तिथं पाहाले कोनी नाही."

मी गेलो, कारण नाही म्हणायचंही मला भेवच वाटतं.

पहिले काही दिवस त्यांनी मला नुसतं उभं राहायला शिकवलं. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबलेला, गुडघे जरा वाकलेले, टाकी गुडघ्यांच्या मध्ये. मी क्लच असा आवळायचो की जणू तो सुटला तर गाडी थेट जालन्यात जाऊन थांबेल. "एका बोटानं धरा, लेकराचं बोट धरल्यावानी," ते म्हणायचे. मी दगडाकडं पाहायचो आणि गाडी इमानदारीत दगडावरच जायची. मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "खाली काऊन पाहून राह्यले? नजर जाईन तिकडंच चाक जाते."

मी किती पडलो ते सांगत नाही. घरी सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, हळदीचा डबा स्वयंपाकघरातून उचलून बाहेरच्या खोलीत ठेवला, एवढ्यावरून अंदाज करावा. पण एका सकाळी मी दोन दगडांमधून गेलो आणि पलीकडं पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की पाय वरच होते. मुनाफभाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. थर्मासमधला चहा ओतून दिला आणि परत जा म्हणाले.

पुढं बुलढाण्याच्या घाटाखाली काही हौशी पोरांनी स्पर्धा ठेवली. मुनाफभाईंनी मला न विचारता माझंही नाव दिलं. सगळी मंडळी विशीतली. मी एकटाच घरून डबा घेऊन आलेला. मी जागोजागी पाय टेकले, एका ठिकाणी तर हातही टेकला, आणि शेवटून पहिला आलो. पण शेवटपर्यंत गेलो. कॉलेजची मुलं बघत होती आणि मला त्याचं काही वाटलं नाही, हे मला घरी आल्यावर जाणवलं. मुनाफभाईंनी एकदाही पाय टेकला नाही. सत्कारासाठी पोरं त्यांना शोधत होती, तेव्हा ते माझ्या गाडीचं वाकलेलं हँडल सरळ करत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरी आले. जरा अवघडून म्हणाले, "सर, माह्या गाडीवर मांगं बसान का?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्यांच्या मागच्या सीटवर मी कधी कुणाला पाहिलंच नव्हतं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. काही वर्षांपूर्वी ते बायकोला, म्हणजे रजियाभाभींना, घेऊन दुसरबीडला, भाभींच्या माहेरी निघाले होते. वळणावर रस्त्याच्या कामाची गिट्टी सांडलेली. मुनाफभाईंची नजर गिट्टीवर गेली आणि गाडी घसरली. भाभींचं मनगट मोडलं. मनगट पुढं जुळलं, पण भाभी परत गाडीवर बसल्या नाहीत. माहेरी जायचं तर एसटीनं, एकट्या. यांना त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि तेच यांना सहन होत नव्हतं. वावर, दगड, व्याही, सगळं त्यानंतरचं.

"मी कितीबी चांगली चालवली तरी तिले पटत नाही," ते म्हणाले. "पर तुमी बसले अन् तिनं पाह्यलं, तर पटन. गल्लीत तुमच्याइतकं भेनारं दुसरं कोनी नाही."

माझ्या आयुष्यात माझ्या भित्रेपणाची कुणाला गरज पडेल असं मला वाटलं नव्हतं. मी बसलो. गल्लीतून आम्ही इतक्या हळू गेलो की एक सायकलवाले आजोबा आम्हाला मागं टाकून गेले. दारात रजियाभाभी तांदूळ निवडत होत्या. आम्ही गल्लीला पुन्हा एक फेरी मारली. मग पुन्हा एक. भाभींचा हात सुपातच थांबला होता.

शुक्रवारी नमाज झाल्यावर मुनाफभाईंनी गाडी बाहेर काढली आणि भाभी बाहेर आल्या. सुनंदा दारात उभी होती. तिला म्हणाल्या, "सर बसले ना, मंग मले काय होते." ओढणी नीट खोचून त्या बसल्या. आधी त्यांनी सीटची कडा धरली. मग जरा वेळानं हात उचलून मुनाफभाईंच्या खांद्यावर ठेवला.

मुनाफभाई लगेच निघाले नाहीत. त्यांनी हँडलवरचा आरसा धरला आणि हळूहळू आत वळवला. मी कडेलाच उभा होतो. आरशात मागचा रस्ता दिसत नव्हता. भाभींचा चेहरा दिसत होता.