कोर्कोरबाईंची होडी वेळेवर पोहोचते

तेशी गावच्या सुतारशाळेत माणसाच्या धंद्याला शोभेल अशा आकाराची शवपेटी बनते आणि ती हमखास उशिरा मिळते. या दोन्ही गोष्टी गावानं मान्य केल्या होत्या. पण मालक ओक्पोती मास्तरांनी उशीर कमी करायचं मनावर घेतलं आणि डॉक्टर टागो हे नियोजनतज्ज्ञ नेमले. तिथंच कोर्कोर लॅम्प्टे या बाईंचे ग्रह फिरले. त्यांचे नुकतेच वारलेले वडील कोळी होते. त्यांच्यासाठी होडीच्या आकाराच्या पेटीची ऑर्डर होती आणि अंत्यविधी शनिवारी ठरला होता.

टागोंचा नियम सुटसुटीत होता. झटपट होणारी कामं आधी उरकायची, म्हणजे जास्तीत जास्त कामं मुदतीत बसतात. होडी वेळखाऊ. त्यामुळे मिरची, बूट आणि कोंबडी पुढे गेली आणि शनिवार उलटला. पाहुणे मक्याच्या पिठाची केंकी आणि तळलेली मासळी खाऊन आपापल्या घरी गेले. वडील शवागारातच राहिले.

“मास्तर, होडी कुठंय?” बाईंनी सुतारशाळा गाठली.

“आंटी, परवापर्यंत तुमच्या होडीपायी आमचा जीव टांगणीला लागला होता,” मास्तर मायेनं म्हणाले. “आता उशीर झालाच ना? मग घाई कसली?”

टागो पुढे सरसावले. “उशीर झालेल्या ऑर्डरी किती, एवढंच आम्ही मोजतो. उशीर किती झाला, ते मोजत नाही. तुमची होडी आज दिली काय न् नाताळात दिली काय, आकडा तोच. उलट ती हातात घेतली, तर दुसऱ्याची ऑर्डर लटकेल.”

“माझा बाप तिकडे गोठलाय हो!”

“तेच बरं आहे. नाशवंत असते तर गोष्ट वेगळी.”

या टागोच्याच मापाची पेटी सांगावी, असं बाईंच्या मनात आलं. मास्तरांनी त्यांना बाजूला घेतलं. “नव्या नावानं नवी ऑर्डर द्या, मुदत सैल ठेवा. नव्या कामावर उशिराचा डाग नसतो.”

बाईंनी स्वतःचं नाव दिलं.

ठरल्या दिवशी होडी दारात हजर! निळीशार, वल्ह्यांसकट. बाईंना रडूच कोसळलं.

“कोर्कोर लॅम्प्टे कोण?” ट्रकवाल्यानं विचारलं.

“मीच.”

“चला, झोपा आत.”

“अरे, ही बाबांसाठी आहे!”

“कागदावर तुम्ही आहात, आंटी. दुसऱ्याला दिली तर पोच धरत नाहीत.”

“पण मी जिवंत आहे!”

ट्रकवाल्यानं टागोंना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, “आपला माल वेळेवर आहे. उशीर ग्राहकाकडून होतोय.”

ट्रकमध्ये इतरांच्याही पेट्या होत्या आणि त्यांचे नातेवाईक मागोमाग आले होते. “आंटी, आडमुठेपणा करू नका,” एकजण म्हणाला. “आमच्या मामांचा विधी खोळंबलाय.”

“आत अस्तर मऊ आहे हो,” दुसरीनं धीर दिला.

“मी जिवंत आहे,” बाई एकेकाला सांगत सुटल्या. कुणी वाईट नव्हतं. सगळ्यांना फक्त वेळेवर पोहोचायचं होतं. कुणी झाकण उचललं, कुणी त्यांच्या चपला काढून घेतल्या. तुम्ही तिथं असतात तर त्यांची पर्स धरायला पुढे झाला असतात, आणि वर म्हणाला असतात, “जरा लवकर हं, आंटी.”