खिशातला गुडघा

साधनाला मदत करायची, असं मी एका रविवारी ठरवलं. (संसारात मुरलेल्या माणसाने असे निर्णय एकट्याने घेऊ नयेत.)

मी निघोज्याच्या एका कंपनीत डिस्पॅचला क्लार्क. साधना चाकणला दुसऱ्या कंपनीत, पेंट शॉपमध्ये. गाड्यांच्या बंपरना रंग मारते. माझी सुट्टी रविवारी, तिची गुरुवारी. त्यात तिच्या शिफ्ट बदलत्या. तळवड्यातल्या दोन खोल्यांत आम्ही दोघं राहतो म्हणजे आळीपाळीने राहतो. मी सकाळी उठतो तेव्हा तिच्या उशीला नुसता खळगा असतो. त्या खळग्याला मी बऱ्याचदा ‘येतो गं’ म्हणून निघतो.

उरली गुरुवारची संध्याकाळ, तर तीही रोबोंनी पळवली. इथल्या आयटी पार्कातला कुलदीप नावाचा एक मुलगा एकदा एक खेळणं घेऊन आला. उभं असताना रोबो, घड्या घातल्या की ट्रक. “वहिनी, याला जरा भारी रंग मारून द्या ना.” साधनाने छोटा एअरब्रश आणि त्याला हवा पुरवणारा कंप्रेसर आणला आणि असा काही रंग मारला, की कुलदीपचे मित्रही आपापले रोबो घेऊन यायला लागले. तेव्हापासून गुरुवारी आमच्या घरात कंप्रेसर बोलतो, आम्ही नाही.

म्हणून माझी योजना अशी : रंगवण्याआधी रोबो पूर्ण सुटा करावा लागतो, कारण जोडात रंग गेला तर त्याचे हातपाय वळत नाहीत. यातच तिचा अर्धा गुरुवार जातो. ते काम मी रविवारीच उरकायचं, गुरुवारी गुपचूप रजा टाकायची आणि तिला भंडारा डोंगरावर न्यायचं. लग्न ठरल्यावर आम्ही एकदा तिथे बसलो होतो. ती बोलत होती, मी ऐकत होतो. भेळ सांडली तरी कळलं नव्हतं. तसं परत एकदा बसावं, एवढंच माझं मागणं होतं.

त्या रविवारी ती फर्स्ट शिफ्टला गेली आणि मी कपाटातून कुलदीपने रंगवायला दिलेले तीन रोबो काढले. एकाचा ट्रक व्हायचा, एकाचा जेसीबी, एकाचं विमान. तिन्ही राखाडी. मी स्क्रू काढले, खिळ्याने पिना ठोकून बाहेर काढल्या. एक स्प्रिंग माझ्या कपाळावर आपटून कायमची निघून गेली. (ती कुठे गेली हे आजतागायत कळलेलं नाही. चालताना मी सांभाळूनच पाय टाकतो.) साधना सुटे भाग आप्पेपात्राच्या खळग्यांत वेगवेगळे ठेवते. मला ते वेळखाऊ वाटलं. मी सगळं एका परातीत ओतलं, साबणाच्या पाण्यात खंगाळलं आणि गच्चीत चादरीवर वाळत घातलं.

आमच्या घरमालकीण शालनबाई तिथे कुरडया राखत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर केला.

“ह्ये काय म्हनायचं?”

“रोबो आहेत, शालनबाई.”

“किती?”

“तीन.”

“आन् आता ह्यातला कोन कुटला, ह्ये वळकायचं कसं?”

हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता.

चार वाजता साधना आली. चादरीवरचा एक सुटा पाय तिने उचलून उलटासुलटा बघितला.

“फोटो काढलेत?”

“कशाचे?”

“कुठला भाग कुठून काढला त्याचे.”

“मला वाटलं, तुला माहीत असेल.”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने चादरीची चारही टोकं उचलली, गाठ मारली आणि म्हणाली, “शुक्रवारी द्यायचेत. गुरुवारी बसू.”

बसू म्हणाली. बसते नाही म्हणाली. तो एक शब्द मी तीन दिवस डिस्पॅचमध्ये मनातल्या मनात घोळवत होतो. (एका ट्रकवर नाशिकचा माल चढवून तो कोल्हापूरला पाठवला, ते त्याच भरात.)

गुरुवारी रजा टाकून मी घरी थांबलो. सकाळी चहा झाल्यावर आम्ही जमिनीवर समोरासमोर बसलो, मध्ये चादर. एक भाग उचलायचा, दुसऱ्याला लावून बघायचा, नाही बसला तर बाजूला. कोणाचं काय ते एकदा जोडून कळलं, की मग खुणा करून ती रंगासाठी परत सुटं करणार होती. हात कामात असले की माणूस बोलतो. साधनाही बोलायला लागली. कंपनीत डबा खायला ती आणि दिपाली शेडमागच्या कडुनिंबाखाली बसतात. तिने चहातली साखर कधीच सोडली. तिची लवकरच लाइन लीडर म्हणून बढती होईल, असं सुपरवायझर म्हणालाय. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मध्येच ती गुणगुणायला लागली. ती गुणगुणते, हे मी विसरूनच गेलो होतो.

दुपार कलली तशी चादर रिकामी व्हायला लागली आणि मला धडकी भरली. आता हे संपणार. मग कंप्रेसर, मग शुक्रवार, मग उशीचा खळगा. समोर जेसीबीचा एक गुडघा पडला होता. मी तो उचलला आणि हळूच पँटच्या खिशात टाकला.

पुढचा तासभर आम्ही तो गुडघा शोधत होतो. कपाटाखाली, गादीखाली, तांदळाच्या डब्यातही. मी सगळ्यात मन लावून शोधत होतो. शोधता शोधता साधनाने तिच्या आईची, शाळेची, मिरचीच्या शेताची अशा कितीतरी गोष्टी सांगितल्या.

शेवटी तिने हात पुढे केला.

“द्या.”

“काय?”

“खिशातला गुडघा.”

मी दिला. “तू कधी पाहिलंस?”

“तुम्ही टाकलात तेव्हाच.”

“मग इतका वेळ बोलली का नाहीस?”

“बोलतच तर होते,” ती म्हणाली आणि खाली मान घालून स्क्रू पिळायला लागली. तिचे कान लाल झाले होते. माझेही झाले असावेत, पण ते बघायला आरसा नव्हता.

रोबो कुलदीपला आवडले. विमानाला चुकून ट्रकचा एक हात बसला होता; ती खास डिझाइन आहे असं त्याला वाटलं. आम्ही कोणीच त्याचा गैरसमज दूर केला नाही.

मी मात्र हवेत होतो. शनिवारीच साहेबांच्या हातापाया पडून पुढच्या गुरुवारची रजा मंजूर करून घेतली आणि घरी येऊन सांगितलं, “साधना, गुरुवारी मी मोकळा आहे. अख्खा दिवस.”

तिचा चेहरा उजळला. “अगदी देवासारखे धावून आलात. गुरुवारी शालनबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, सोबतीला कोणी नाही. मी जाणार होते, पण त्याच दिवशी लीडरच्या ट्रेनिंगला बोलावलंय. तुम्हीच जा.”

गुरुवारी देहूरोडच्या दवाखान्यात, डोळ्यांत औषधाचे थेंब घालून पडलेल्या शालनबाईंचा हात धरून मी अर्धा दिवस बसलो. मनात मात्र दुसराच हात होता.

“क्लार्कसाहेब,” शालनबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, “इतका घट्ट दाबू नगा. माज्या बांगड्या रुततात.”