हिरव्याला भिणारे बिराजदार सर

बिराजदार सर हिरव्या दिव्याला भितात. आमच्या दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात भिंतीवर एक मोठा स्क्रीन आहे. पेशंटच्या नोंदी तीन मशीनवर एकदम राहतात, एक बसलं तर दुसऱ्याने सांभाळायचं, आणि तिघांची तब्येत त्या स्क्रीनवर दिसते. लाल दिसलं की आमची धावपळ. सर मात्र चहा मागवतात. "कुठं दुखतंय ते कळालं की," म्हणतात. सगळं हिरवं असलं की त्यांच्या कपाळावर घाम येतो. "लई गप हायत. काहीतरी लपवतायत."

म्हणून दर तासाला सर पहिल्या मशीनवर एक खोटा पेशंट भरतात आणि तो उरलेल्या दोघांवर पोचला का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघतात. पोचला की पुसतात. त्या बिचाऱ्याला आजवर गोवरापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं होऊन गेलंय. आम्ही पाठीमागे हसायचो. मी तर जरा जास्तच.

परवा दुपारी स्क्रीन हिरवागार होता आणि सरांचा खोटा पेशंट तिसऱ्या मशीनवर आलाच नाही. सर पांढरे पडले. ते मशीन मागच्या तपासणीनंतर लगेच अडकलं होतं, आणि त्याची खबर देणारा प्रोग्रॅमही त्याच्याबरोबर बंद पडला होता; स्क्रीनवर तासाभरापूर्वीचंच चित्र होतं. वॉर्डातले कॉम्प्युटर वाचतात ते नेमकं याच मशीनवरून. न पोचलेल्या नोंदी सरांनी भराभरा चाळल्या. एक मोहोळच्या बाईंची होती: पेनिसिलिन चालत नाही.

वॉर्डात फोन कुणी उचलेना. पन्नाशीचे सर जिन्यावरून धावत सुटले, मी मागे. त्या बाईंच्या खाटेपाशी सिस्टरच्या हातात पेनिसिलिन भरलेली सिरिंज होती. "थांबा," एवढंच सरांच्या तोंडून निघालं. सिस्टर थांबली.

खाली येताना सर जिन्यातच बसले. मी पाणी आणून दिलं.

"आई दुधनीला एकटी असायची," ते म्हणाले. "रोज फोन करायचो. रोज म्हणायची, आराम अदीनि. बरी आहे म्हणून. मी ऐकायचो आणि ठेवून द्यायचो की. महिनाभर अंथरुणातनं उठत नव्हती, हे शेजाऱ्यानं सांगितलं. तोवर उशीर झालेला."

सर एकटेच राहतात, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढे कुणी कधी विचारलं नव्हतं, मीही नाही. याची मला लाज वाटली.

पाणी संपवून सर म्हणाले, "मॅडम, एखाद्या दिवशी मी आलो नाही तर फोन करू नका. फोनवर मीपण तेच सांगणार. घरी येऊन बघा."