समोरचा आर्चएनिमी

इंग्रजीच्या क्लासात बाईंचा एक नियम होता : वाक्य खरं हवं, आपल्या आयुष्यातलं. त्या दिवशी शब्द आला ‘आर्चएनिमी’, म्हणजे कट्टर वैरी. आमचे सलूनवाले ताडकन उभे राहिले आणि ठणकावून म्हणाले, “द बार्बर अपोझिट इज माय आर्चएनिमी!” बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. गडी हवेत तरंगतच घरी गेला.

आता गंमत अशी, की कितीही पटाईत कारागीर असो, स्वतःच्या डोक्यामागचे केस त्याला कापता येत नाहीत. म्हणून हे आणि रस्त्यापलीकडच्या दुकानातले ते, असे दोघं सलूनवाले आळीपाळीनं एकमेकांच्या खुर्चीत बसत. बोलणं कामापुरतं.

रविवारी आपले सलूनवाले समोर गेले, तर क्लासातला एक मित्र तिथंच बसलेला. “अरे वा! हेच का तुमचे आर्चएनिमी?”

“म्हणजे काय हो?” समोरच्यानं विचारलं.

सलूनवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “म्हणजे... जिवलग दोस्त!”

समोरचा विरघळलाच. “आणि मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर जळता!”

झालं! तो येईल त्या गिऱ्हाइकाला रस्त्यापलीकडे बोट दाखवून सांगू लागला, “ते बघा, माझे आर्चएनिमी!” शिकलेली माणसं फिदीफिदी हसत. इकडे सलूनवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. जेवण जाईना.

बायकोनं शेवटी सुनावलं, “खोटं बोलायला जीभ वळली ना? मग आता खरं बोलायला काय धाड भरलीय?”

पुढच्या खेपेला ते पुन्हा समोरच्याच्या खुर्चीत बसले. केस झाले, अर्धी दाढीही झाली, आणि वस्तरा गळ्याशी आला तेव्हा त्यांना कंठ फुटला. “अहो, थांबा जरा. त्या शब्दाचा अर्थ दोस्त नाही. वैरी. मला लाज वाटते हो.”

वस्तरा थांबला.

“ठाऊक आहे. त्याच रविवारी रात्री माझ्या पोरीनं सांगितलं.”

“अहो, मग सगळ्यांना सांगत का सुटलात?”

“म्हटलं, किती दिवस गप्प बसता ते बघू.”

सलूनवाल्यांनी मान खाली घातली. “मग... मी जाऊ का?”

“जाताय कुठं? मान वर करा. वैरी झालात म्हणून काय अर्ध्या दाढीनं घरी पाठवू?”

मान वर झाली. डोळे मात्र काही केल्या वर होईनात.