आळीचा एकच पासवर्ड

“मॅडम, तुमचं खातं चोरीला गेलंय,” लॅपटॉपच्या पडद्यावरून विद्यापीठाच्या संगणक विभागाचा कौस्तुभ म्हणाला, आणि मटिल्डा टीचरच्या हातातला कप तसाच राहिला.

वसईच्या सुकेळ्यांवर, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांवर, वर्षानुवर्षं खपून लिहिलेला प्रबंध आज संध्याकाळी पाचच्या आत विद्यापीठाकडे चढवायचा होता. मुदतवाढी संपल्या होत्या. आज चुकलं तर नोंदणीच रद्द. आणि तो चढवायचा त्याच खात्यातून, ज्याच्या एका पासवर्डवर देशोदेशीच्या विद्यापीठांची ग्रंथालयं उघडत.

“काल एकाच वेळी कितीतरी फोनवरून लोक आत शिरले होते. म्हणून सिस्टीमने कुलूप लावलं.”

“लोक कसले? आमचीच माणसं. पासवर्ड मीच दिलाय.”

“कुणाला?”

“आळीला.”

मटिल्डाला यात वावगं काही दिसेना. आळीतला पहिला टेलिफोन तिच्या सासऱ्यांच्या ओटीवर आला, तेव्हा कुवेतला गेलेला प्रत्येक नवरा त्याच फोनवर रडला होता. फोन घ्यायला आलेल्या बायकोला सासूबाईंनी कधी ‘कशाला आलीस’ म्हणून विचारलं नाही. उलट तिचंही रडून झालं की चहा दिला. त्या ओटीवर संसार केलेल्या बाईने ग्रंथालयाला आतून कडी घालायची?

“मग तुम्हीच खऱ्या मटिल्डा, हे पटवून द्या. या आठवड्यात खात्यावरून काय वाचलंत?”

मटिल्डाने खात्यावरून काहीच वाचलं नव्हतं. आठवडाभर ती स्वतःचाच प्रबंध तपासत बसली होती.

“ब्राझीलच्या बाया केळी कशा सुकवतात ते,” दारातून नणंद रोझमेरी म्हणाली.

“बरोबर!”

“केळीवरचा करपा रोग,” शेजारचा बागायतदार स्टॅनी पुढे घुसला.

“हेही बरोबर. आणि नवऱ्याच्या घोरण्यावर शस्त्रक्रिया?”

स्टॅनीने चमकून मागे पाहिलं. त्याची बायको विनी भिंतीला टेकून उभी होती.

“असं काय बघता? आधी व्यायाम सांगितलेत. ते नाही जमले तरच कापायचं.”

कौस्तुभने कपाळाला हात लावला. “मॅडम, मटिल्डा म्हणून हे तिघं पास झाले. तुम्ही नापास.”

“आता?”

“एक सोपा मार्ग आहे. खातं चोरीला गेलं म्हणा, चोरांची नावं सांगा. लगेच उघडून देतो.”

घड्याळात पाचला थोडाच वेळ होता.

“सांग ना वहिनी,” रोझमेरी कुजबुजली. “म्हण आम्हाला चोर. शनिवारी चर्चमध्ये कन्फेशनला जाऊन ये की झालं.”

“टीचर, माझं नाव पहिलं घाला,” स्टॅनी म्हणाला. “दुसरं विनीचं.”

“गप्प बसा सगळे!” मटिल्डाचा शाळेतला आवाज निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी बाहेर पडला. ती पडद्याकडे वळली. “हे बघा साहेब. पासवर्ड मी राजीखुशीने दिला आणि उद्या पुन्हा देईन. या माणसांनी मला सुकेळी वाळवायला शिकवली. माझी पहिली खेप आंबली, ती सगळ्यांनी खाल्ली आणि वर चांगली झाली म्हणून सांगितलं. यांच्या अकलेवर मी डॉक्टर होणार आणि यांनाच चोर म्हणू? राहू दे तुमची पीएचडी!”

पलीकडे कौस्तुभने माऊस टिकटिकवत नियमांची पानं उघडून पाहिली.

“मॅडम, पंचाईत झालीय,” कौस्तुभ अखेर म्हणाला. “हे कुलूप फक्त चोरीसाठी आहे. चोरीच नाही म्हटल्यावर मला ते काढावं लागणार. राजीखुशीने पासवर्ड वाटला तर प्रकरण समितीकडे जातं.”

“खुशाल पाठवा.”

“समिती अजून नेमलेली नाही.”

खातं उघडलं, नियमाप्रमाणे मटिल्डाने पासवर्ड बदलला आणि पाचाच्या ठोक्याला प्रबंध चढला. आळीने टाळ्या वाजवल्या. स्टॅनीने जरा विनीपासून लांब उभं राहून वाजवल्या.

कौस्तुभने ऑफिसात इकडेतिकडे पाहिलं आणि तोंड पडद्याजवळ आणलं.

“मॅडम, आम्हा कर्मचाऱ्यांना त्या ग्रंथालयांत जाता येत नाही हो. ते घोरण्याचे व्यायाम... म्हणजे माझी बायको म्हणत होती... नवा पासवर्ड काय ठेवलात?”

“मोठ्याने विचारा,” मटिल्डा म्हणाली. “मागच्यांना ऐकू येत नाहीये.”