मार्थाबाईच्या तोंडातलं पाणी

जावयानं कुऱ्हाड उचलली तेव्हा मार्थाबाईच्या तोंडात पाणी होतं. दारात उभी, गाल फुगलेले, डोळे लाल. मागे घरात तिची लेक रूथ, पोटुशी, कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. जावई याकोब भर दुपारी पालम गावाहून पिऊन आला होता, बायकोला ओढत न्यायला. मागच्या खेपेला नेली तेव्हा हात मोडून परत पाठवली होती.

"बाजूला व्हा, आत्या! न्हाईतर दोन तुकडे करीन!"

मार्थाबाई हलली नाही. बोललीही नाही.

मी शेजारीण. आमची भिंतीला भिंत. मुसळ घेऊन मी बाहेर आले.

आता पाण्याचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई वेडी होती. थोडी होतीच.

आधी ती मथुरा. तिची शिवी ऐकून बसलेला बैल उठायचा. गाडीवाले मुद्दाम तिच्या दारावरून गाडी न्यायचे. एक दिवस तिचा दादला घर सोडून गेला, आणि पुढे तिनं बाप्तिस्मा घेतला, मथुराची मार्था झाली. आमची वस्ती बुद्धाकडे गेलेली, ही एकटी येशूकडे. त्यावरून कुणी भांडलं नाही. तिच्याशी भांडायची छाती होती कुणाची?

पाळकसाहेब सायकलवर यायचे. ते म्हणाले, जिभेला आवर घाल.

"कशानं?" हिनं विचारलं.

"प्रार्थनेनं."

"पार्थनेला तोंड उघडावं लागतंय, सायेब. उघडलं की पयली शिवीच भायेर पडती."

मग तिनंच तोड काढली. राग आला की तांब्यातलं पाणी तोंडात धरायचं, मनातल्या मनात देवाला हाका मारायच्या आणि राग उतरेपर्यंत गिळायचं नाही. त्यामुळे ती जाईल तिथं तांब्या हातात. टवाळ माणसं विचारायची, "काय मथुराबाय, परसाकडं निघाल्या का?" की लगेच हिला एक घोट घ्यावा लागायचा.

बहात्तरच्या दुष्काळात पाणी मिळेना. तेव्हा खडी फोडायच्या कामावर तिनं तोंडात खडा धरला. मुकादमाला वाटलं, बाई भुकेनं दगड खायलीय. त्यानं मूठभर सुकडी जास्त दिली.

हरायचीही. सुरुवातीला तर रोजच. शिवी सुटली की अंगणात उभी राहून वर बघून ओरडायची, "देवा, आज पडले! उद्या परत!" जणू देव बहिरा.

मी म्हणायची, "मथुरे, सोड की गं. तुझा देव दमला असंल."

"तो न्हाई दमत, भागाबाय. मी दमते. लय दमते. तोच हाताला धरून उठवतो."

आम्ही देव मानत नाही. पण ती रोज उठायची, एवढं मी पाहिलंय.

तर कुऱ्हाड.

"बोला की!" याकोब ओरडला. "गप का? द्या शिवी!"

त्याला शिवीच हवी होती. शिवी आली की घाव घालायचा, आणि मग चार माणसांत सांगायचं, सासूनं माझी आई काढली. मला ते कळलं, तिलाही कळलं. तिच्या गळ्याची शीर थडथड उडत होती. मी मनात म्हटलं, गिळू नको बाई, गिळू नको.

त्यानं घाव घातला. कुऱ्हाड तिच्या कानाजवळून गेली आणि बाभळीच्या चौकटीत रुतली. निघेना. तो चौकटीला पाय लावून ओढतोय, आणि ही वीतभर अंतरावर गाल फुगवून त्याच्याकडे बघतेय. मी मुसळ त्याच्या गुडघ्यावर घातलं. माझ्या तोंडात पाणी नव्हतं.

माणसं धावली, त्याला बाजेला बांधलं. तेव्हा कुठं मार्थाबाईनं पाणी गिळलं.

"जावई," ती म्हणाली, "तुमाला शिवी देनार न्हाई. लेकबी देनार न्हाई."

आणि आत जाऊन त्याच्यासाठी ताक घेऊन आली! मी असते तर तांब्याच डोक्यात घातला असता.

नशा उतरल्यावर लोकांनी त्याला एसटीत बसवून दिलं. मार्थाबाई उंबऱ्यावर बसली. मी म्हटलं, "एवढा सोस कशाला? आज एक शिवी दिली असतीस तर तुझ्या देवानं माफ केली असती."

"देवानं केली असती," ती म्हणाली. "पन दादला आला म्हंजे? 'तुजं तोंड पुन्ना दिसू नगं' म्हनले मी, अन् त्यानं ऐकलं. आज ना उद्या दारात हुबा राहिला, तर मला बोलता याया पायजे, भागाबाय. 'या, बसा', येवढंच. ते अजून नीट येत न्हाई मला."



दादला काही आला नाही. याकोबही पुन्हा आला नाही. त्या दुपारी तिथं मार्थाबाई, रूथ, याकोब आणि मी होतो. चौघंही जगलो. रूथच्या पोटातली पोरगीही जगली.