तीन नाकांची चाचणी

“प्रयोगशाळा आपसात बोलल्या की निकाल जुळतात. जुळले म्हणून हुरळून जाऊ नकोस,” असं तिच्या साहेबांनी बजावलं होतं. तिने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. एकाच दुधाचे नमुने आठ प्रयोगशाळांना पाठवायचे, जंतू कुणाला सापडले, कुणाच्या हातून निसटले याचं गणित मांडायचं, हे तिचं रोजचं काम. तिला कोण शिकवणार?

बाळंतपणाची रजा संपत आली होती, सोमवारी कामावर जायचं होतं. आपल्यामागे बाटलीत नासकं दूध गेलं तर? या एका विचाराने तिची झोप उडाली. शेवटी तिने घरातच चाचणी मांडली. बारा कप, सहांत ताजं दूध, सहांत दोन दिवसांचं. प्रत्येकावर सांकेतिक आकडा, उत्तरं लिफाफ्यात बंद. प्रयोगशाळा तीन: नवरा, सासूबाई आणि वरच्या मजल्यावरच्या काकू. नियम एकच, नापास होईल त्याने बाटलीला हात लावायचा नाही.

तिघांनी वास घेतला. तिघांचं उत्तर एकच, बाराही कप चांगले.

म्हणजे बाळाला ठेवायचं कुणाच्या भरवशावर? ती राजीनामाच लिहायला बसली.

“अगं, थांब जरा,” सासूबाई म्हणाल्या. “तुझा चेहरा बघून आम्ही जिन्यातच ठरवलं. खराब म्हटलं की तू रडणार.”

“ठरवलं? तिघांनी मिळून?”

“मी म्हणत होतो, एखादा तरी खराब म्हणू या,” नवरा म्हणाला. “काकूंनी गप्प बसवलं.”

पुन्हा चाचणी. आकडे नवे, खोल्या वेगळ्या, बोलायला बंदी. या खेपेस तिघांचेही बारापैकी बारा बरोबर.

“आता तुझी पाळी,” म्हणत काकूंनी कप फिरवले, आकडे बदलले. तिने एकेक कप तीनतीनदा हुंगला. अकरा नासके, बारावा संशयित.

“सहा ताज्या कपांवर नाहक आळ,” नवऱ्याने लिफाफा उघडून सांगितलं. “तुझ्याच नियमाने तू बाद.”

सोमवारी ती मुकाट्याने कामावर गेली. बाळाची चिंता नको, घरी तीन पारखलेली नाकं आहेत. पण तिच्या कचेरीवरून जाणार असाल, तर तिच्याकडे तेवढं डोकावून या. तीन वाजून गेलेत, आणि ती अजून स्वतःच्या डब्याचा वासच घेत बसली आहे.